टागोर, म्हणालो

शुक्रवार, २८ मार्च

आज पुन्हा खोटं बोललो. तेही गरज नसताना.

सोळा नंबरच्या ट्राममध्ये वरच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. त्या पुस्तकमेळ्याला, मी कामावर. परवा गेवांडहाउस या संगीतसभागृहात बेलारूसी लेखक बाखारेविचना युरोपीय सामंजस्याचा लाइपझिग पुरस्कार दिला, त्याचंच बोलत होत्या. बेलारूसी भाषेतली कादंबरी आणि बेलारूसमध्येच तिच्यावर बंदी! मी 'हो ना, हो ना' करत होतो. मध्येच म्हणाल्या, "तुमच्या पंकज मिश्रांनाही मिळाला होता की, २०१४ साली." 'तुमच्या' म्हटल्यावर छाती फुगलीच.

"त्यांचं 'फ्रॉम द रुइन्स ऑफ एम्पायर' वाचलं असेलच तुम्ही?"

"म्हणजे काय!"

"मग त्यातल्या आशियाई विचारवंतांपैकी कोण जास्त पटला? अफगाणी की लियांग?"

मी म्हणालो, टागोर.

आजी हसल्या नाहीत. मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. कळलं असेल का त्यांना? पुस्तकाचं मलपृष्ठ तेवढं वाचलंय मी, दुकानात, उभ्याउभ्या.

नऊ वर्षं झाली इथे जर्मनीत, तरी प्रत्येक ट्राममध्ये अख्खा भारत मीच. योगासनं मी सांगायची, मोदी मी समजावायचे, मिश्रा मी वाचलेले असायचे. त्यांना विचारतं का कोणी, तुमचा ग्युंटर ग्रास वाचलाय का म्हणून? पण विचारलं तर त्यांनी वाचलेला निघणार, हीच तर पंचाईत. माधव असता तर... जाऊ दे.

संध्याकाळी पुरस्काराची यादीच काढून बसलो, १९९४पासूनची. केर्तेस १९९७, अलेक्सिएविच १९९८. दोघांनाही नोबेल नंतर मिळालं, म्हणजे लाइपझिगवाल्यांची नजर पक्की. यातले मी किती वाचलेत? एक. पहिलाच, कापुशचिन्स्की. तोही अर्धा.

आईला फोनवर सगळं सांगितलं. मिश्रांचा जन्म झाशीचा, हेही सांगितलं. "झाशीचा? मग आपलाच की!" म्हणाली आणि थेट राणीच्या नेवाळकर घराण्यावर गेली. सामंजस्याला तिला दीड मिनिट लागलं. पुस्तकबिस्तक काही नाही.

पण आजींनी खिडकीबाहेर का पाहिलं? बाहेर नुसती पार्किंगची जागा होती.

ग्रंथालयात मागणी नोंदवलीय. जर्मन आवृत्तीच शिल्लक होती. लियांगपासूनच सुरू करीन म्हणतो. पुढच्या शनिवारी जिना झाडायची पाळी माझी, आणि झाडूचा आवाज आला की आजी दार उघडतातच.