साथीचा पियानो

"पियानोवाला गाणाऱ्याचं ऐकतोय बघ," मेथी निवडता निवडता आई म्हणाली.

अमेरिकन ब्लूज गायक ज्युनिअर वेल्सचा 'साउथसाइड ब्लूज जॅम' हा अल्बम लावला होता. इतकी वर्षं माझं लक्ष त्याच्या माउथ ऑर्गनवरच. आज पहिल्यांदा पियानोवरचा ओटिस स्पॅन नीट ऐकला. वेल्स श्वासाला थांबला की उजव्या हाताची बारीक थरथर ती जागा भरते; माउथ ऑर्गन उठला की खाली फक्त डाव्या हाताचा ठेका. मडी वॉटर्ससारख्या मोठ्या ब्लूज गायकाला वर्षानुवर्षं साथ केलेला हात तो!

ज्याचं नाव मोठं छापलेलं, तेवढंच ऐकतो का आपण?

शिकागोतला हा अल्बम १९७०चा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्पॅन गेला. आईला सांगितलं, तर मेथीची काडी हातात तशीच धरून म्हणाली, "परत लाव."