किल्ली

आप्पांच्या स्कूटरची किल्ली अजून माझ्याच पर्समध्ये आहे. काल जेवताना ते एक शब्द बोलले नाहीत. भाजी तशीच टाकून उठले.

झोप येईना म्हणून 'डाइव्ह बॉम्बर' हा सिनेमा लावला. मायकेल कर्टिझचा, १९४१ चा. अमेरिकी आरमाराची पिवळ्या पंखांची विमानं रंगीत बघायला मिळतात, तेवढ्यासाठी. पण सुरुवातीलाच एक वैमानिक सूर मारताना शुद्ध हरपतो, ऑपरेशनच्या टेबलावरच दगावतो, आणि त्याचा दोस्त जो ब्लेक सगळा राग डॉक्टरवर काढतो. त्याचे ते डोळे. काल आप्पांचे तसेच होते.

विमान सूर मारून झटक्यात वर उचललं की डोक्यातलं रक्त पोटापायांकडे ओढलं जातं. आधी नजर करडी होते, मग नुसता काळोख. तोच डॉक्टर, एरॉल फ्लिनने रंगवलेला, रक्त खाली उतरू नये म्हणून हवा भरायचा पट्टा पोटाला बांधून स्वतः विमानात बसतो. त्याने निदान जिवावर घेऊन पाहिलं. मी काय केलं? आप्पा आंघोळीला गेले तेव्हा खुंटीवरची किल्ली काढली. किल्ली घेतल्याचं काही वाटत नाही. आंघोळीची वेळ साधली, ते डाचतंय. समोर उभं राहून सांगायला हवं होतं.

आणि दर वेळी मीच का? दादा तिकडून फोनवर "तूच बघ गं" म्हणायला मोकळा. त्या दिवशी चौकात काय होता होता राहिलं, ते मी एकटीने पाहिलंय. जाऊ दे.

शेवटी जो ब्लेकलाच उड्डाणबंदी येते. तरी तो विरळ हवेसाठीचा दाबाचा पोशाख चढवून चाचणीला उंच जातो. प्राणवायू अडतो, विमान कोसळतं. त्याने उंचावर असताना लिहिलेली टिपणं तेवढी हाती लागतात. तोवर तो त्या डॉक्टरचा जिवाभावाचा झालेला असतो. एवढं रागावलेला माणूस आतून सगळं ऐकत होता, हेच रात्रभर मनात घोळत राहिलं. आप्पांनाही चौकातलं आठवत असणार. माझ्यापेक्षा जास्तच.

रागावू देत. ते रागावले तरी घरात आहेत.

सकाळी उठले तर आप्पा हॉलमध्ये बसलेले. पायात चपला, मांडीवर पासबुकाची पिशवी. "साडेदहाला बँक उघडते," एवढंच म्हणाले, माझ्याकडे न बघता.

मी खाली जाऊन मागची सीट पुसून आले.