मामांची रोपवाटिका आणि गुगलचं मार्च अपडेट

अमरावती जिल्ह्यातल्या शेंदूरजनाघाटला माझ्या मामांची संत्रा कलमांची रोपवाटिका आहे. तिची वेबसाइट मी सांभाळतो. मार्च २०२४ मध्ये साइटवर येणारी माणसं निम्म्याहून खाली आली, तेव्हा मामांनी विचारलं, "काऊन रे, गुगलनं आपल्याले काळ्या यादीत टाकलं का?"

सर्च कन्सोल म्हणजे साइटच्या मालकाला शोधातले आकडे आणि सूचना दाखवणारं गुगलचं साधन. त्यात ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन’ उघडून पाहिलं. तिथं काहीच नव्हतं, म्हणजे नियम मोडल्याबद्दल गुगलच्या माणसांनी कारवाई केलेली नव्हती. पण ५ मार्चला गुगलनं कोअर अपडेट, म्हणजे शोधाचे क्रम लावण्याच्या पद्धतीतला मोठा बदल, सुरू केलं होतं. त्यात एखाद्या साइटला धरून शिक्षा होत नसते. कोणतं पान कोणत्या शोधाला जास्त उपयोगी, हा हिशेब सगळ्यांसाठी नव्यानं मांडला जातो. दुसरा वर चढला की आपला नंबर आपोआप घसरतो.

हे अपडेट पूर्ण व्हायला ४५ दिवस लागले. तोवर आकडे रोज वरखाली. मामांना धीर निघेना. त्यात एकानं फोन करून हजार बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका, देतो, पंधरा दिवसांत पहिल्या पानावर आणतो म्हणून पैसे मागितले. लिंकांच्या असल्या बाजारावर गुगलचा डोळा २०१२ च्या पेंग्विन नावाच्या अपडेटपासून आहे. डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागलेल्या झाडाच्या बुडाशी युरिया ओतावा तसा हा उपाय. त्याला नाही म्हटलं.

१९ एप्रिलला अपडेट संपलं. त्यानंतर आठवडाभर थांबावं आणि मग सुरू होण्याआधीच्या आठवड्याशी तुलना करावी, असं गुगलच सांगतं. २६ तारखेचं लोकसभेचं मतदान उरकलं आणि आकडे पाहायला बसलो.

इथं एक गोम आहे. आमच्याकडे कलमांची विचारपूस पावसाळ्याच्या तोंडावर वाढते, एप्रिलच्या उन्हात फार कोणी कलम शोधत नाही. त्यामुळे नुसते क्लिक पाहून काही कळत नाही. हंगाम नसेल तर इंप्रेशन, म्हणजे आपलं पान शोधात दिसण्याच्या वेळा, कमी होतात, पण सरासरी क्रमांक साधारण तिथंच राहतो. क्रमांकच घसरला असेल तर कारण वेगळं. म्हणून एकेक पान उघडून क्रमांक पाहिला, आदल्या वर्षीचा एप्रिलही शेजारी लावला.

‘रंगपूर लाईम की जंबेरी’ हे खुंटांवरचं, म्हणजे ज्या रोपांवर संत्र्याचं कलम बांधतात त्यांच्यावरचं, पान जागच्या जागी होतं. कोसळली होती ती पीएम किसानच्या हप्त्याची आणि रोजच्या संत्रा भावाची पानं. साइट आधी ज्याच्याकडे होती त्यानं गर्दी वाढावी म्हणून ती भरून ठेवली होती, सगळी इकडून तिकडून उचललेली. हप्त्याची तारीख पाहायला माणूस सरकारी साइटवर जाईल, रोपवाटिकेच्या साइटवर कशाला? गुगलचं मला तरी इथं पटलं. मामांना विचारलं तर त्या पानांवरून आलेल्या एकाही माणसानं कधी कलम नेलेलं नव्हतं!

ती पानं काढून टाकली. मग नवी पानं लिहायला मामांना बांधावर बसवून बोलतं केलं. खुंटावर संत्र्याचा डोळा जमिनीपासून किती उंचीवर भरलाय ते कसं पाहायचं, लावताना कलमाचा जोड मातीत गेला तर डिंक्याला कसं आमंत्रण मिळतं, पिशवी फाडून मुळं कशी तपासायची. फोटो आमच्याच रोपांचे, मोबाइलवर काढलेले. जोड दाखवणाऱ्या फोटोत मामांचा अंगठा आलाय, तो तसाच ठेवला.

लगेच फरक पडला नाही. गुगलही सांगतं की कधी कधी पुढच्या कोअर अपडेटपर्यंत वाट पाहावी लागते. ते १५ ऑगस्टला सुरू होऊन ३ सप्टेंबरला संपलं. कलम निवडण्याचं पान गुगलच्या निकालांच्या दुसऱ्या पानावरून पहिल्याच्या तळाशी आलं. डिंक्याचं पान हललंच नाही, का ते मला अजून उमगलेलं नाही. तोवर लागवडीचा हंगामही बराचसा सरला होता, त्यामुळे त्या वर्षीचे गिऱ्हाईक आले ते नेहमीसारखे तोंडी ओळखीवरच.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा कोअर अपडेट आलं. आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोडणी चालू होती. तारखा वहीत टिपून घेतल्या आणि अपडेट संपेपर्यंत साइटला हात लावला नाही.