नोव्हेंबरात जन्मलेल्या मुलाची फुटबॉल ट्रायल

आमच्या धाकट्याचा जन्म नोव्हेंबरातला. शाळेत याचा कधी प्रश्न आला नाही. कर्नाटकात पहिलीच्या प्रवेशाला १ जूनचं वय धरतात, त्यामुळे वर्गात तो ना मोठा ना लहान, मधलाच. फुटबॉलमध्ये मात्र वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. तेरा वर्षांखालच्या गटात त्याच्या शेजारी उभा असलेला मुलगा त्याच्याहून दहा-अकरा महिन्यांनी मोठा असू शकतो, आणि या वयात तेवढ्या काळात पोरं चार बोटं उंच होतात, खांदे भरतात. ट्रायलला निघण्याआधी हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून सगळ्यात आधी तेच लिहितेय.

बेळगावात पोराला फुटबॉलचं वेड लागायला वेळ लागत नाही. सेंट पॉल्स शाळेच्या मैदानावर फादर एडी फुटबॉल स्पर्धा बघतच इथली कितीतरी मुलं मोठी झाली. चोर्ला घाट उतरलं की गोवा. इकडे कोल्हापूर, जिथं तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की अख्ख्या पेठा मैदानाकडे वळतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. घरात बोलणं गोवा आणि कोल्हापूरचं, पण आम्ही राहतो कर्नाटकात आणि राज्याची संघटना बेंगळुरूला. मोठ्या क्लबची ट्रायल म्हटलं की आमच्यासाठी राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट.

कागदपत्रांचं काम खेळापेक्षा जड गेलं. मूळ जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड आणि डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, एवढं मागितलं होतं. गोची नावाची. दाखल्यावर नुसतं मुलाचं नाव आणि आडनाव, आधारवर मध्ये वडिलांचं नाव, शाळेत आडनाव आधी. आपल्याकडे ही तऱ्हा घरोघरी आहे आणि एरवी कुणी विचारत नाही. पण वय चोरण्याचे प्रकार या खेळात इतके झालेत की क्लबवाले अक्षर न् अक्षर ताडून बघतात, आणि ते बरोबरच आहे. ओठावर मिशी फुटलेला मुलगा तेरा वर्षांखाली उभा राहिला की नुकसान आपल्याच पोराचं होतं. नावं आधी जुळवून घ्या, ट्रायलची तारीख लागल्यावर धावपळ करून ते होत नाही.

ट्रायलच्या सकाळी मुलांना नंबर घातलेले बिब दिले. वॉर्म-अप, मग चौकोनात पासिंग, मग चार-चार जणांचे छोटे सामने. हुबळी, मंगळूर, कलबुर्गी, कुठून कुठून पोरं आलेली. पहिल्या सामन्यात आमच्याला बॉल मिळाला की कुणीतरी खांदा लावायचा आणि तो बाजूला जायचा. दोनदा पडला. कोच मैदानातून सारखे एकच ओरडत होते, ‘तले एत्ति नोडु’, म्हणजे डोकं वर करून बघ. याला शाळेतलं कन्नड पक्कं येतं, त्यानं लगेच उचललं. दुसऱ्या सामन्यात बॉल यायच्या आधीच मान वळवून मागे बघायला लागला आणि एका स्पर्शात बॉल देऊन मोकळा व्हायला लागला. अंगावर येणाऱ्याला धक्का मारायला कुणी सापडेनाच. आई म्हणून माझा ऊर भरून आला, आणि ते कोचनाही दिसलं असणार, कारण वहीत काहीतरी लिहिताना त्यांनी दोनदा त्याच्या बिबकडे बघितलं.

कुंपणाजवळचे पालक ‘शूट कर, शूट कर’ म्हणून ओरडत होते. मला वाटतं, याच्याइतकं मुलांचं नुकसान दुसरं कशानं होत नसेल. मूल आपल्या आवाजाकडे बघतं आणि तेवढ्यात बॉल जातो. गोल कुणी मारला यापेक्षा बॉल गेल्यावर परत कोण पळतं, याकडे कोचचं लक्ष जास्त होतं.

निवड झाली नाही. कोचनी बाजूला घेऊन सांगितलं की समज चांगली आहे, अंग भरायचंय, पुढच्या वर्षी परत आणा. परतीच्या गाडीत तो लोंढा येईपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, ‘आई, सर खरं सांगत होते की नुसती माझी समजूत घालत होते?’ खरंच सांगत होते, एवढंच मी म्हणाले. नंतर याबद्दल बरंच वाचलं आणि त्यालाही वाचून दाखवलं. कॅनडातल्या आइस हॉकीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांचीच निवड जास्त होते, हे १९८५ मध्ये संशोधकांनी मांडलं. पुढे फुटबॉलमध्येही तेच दिसत गेलं. इंग्लंडमधल्या अकादम्यांनी तर वयाऐवजी शरीराच्या वाढीनुसार गट पाडून सामने घेऊन पाहिले आहेत. हे ऐकल्यावर त्याचा चेहरा जरा खुलला.

मधे जवळच्याच एका अकादमीच्या ट्रायलला गेलो. संध्याकाळपर्यंत झाडून सगळ्या मुलांना ‘अभिनंदन, निवड झाली’ असा मेसेज आणि सोबत फीचा तक्ता. ज्या ट्रायलमध्ये कुणीच नापास होत नाही, ती ट्रायल नव्हे, प्रवेशाची जाहिरात आहे. पोरांच्या आशेवर असा धंदा करणं मला फार वाईट वाटतं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ अकादम्यांना तारांकित मान्यता देतो, त्या यादीत नाव आहे का एवढं आधी बघितलं तरी बराच उलगडा होतो.

त्यानंतर आम्ही उलटं सुरू केलं. ते मुलाला बघत असताना आम्ही क्लबला बघायचो. कोचकडे महासंघाचं किंवा एएफसीचं, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचं, लायसन्स आहे का, एका कोचमागे मुलं किती, वर्षात लीगचे खरे सामने किती मिळतात, बाकावरच्या मुलाला मैदानात कधी उतरवतात. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न नोंदणीचा. महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत मुलाचं नाव एका क्लबकडे चढलं की दुसरीकडे जाताना आधीच्या क्लबची संमती लागते. सोडताना अडवणार का, हे आधीच विचारा आणि लेखी घ्या. हा प्रश्न विचारल्यावर समोरचा कसा उत्तर देतो, त्यातच बरंच कळतं. एका ठिकाणी आम्हाला ‘आत्ताच सोडायची भाषा कशाला?’ असं ऐकवलं. आम्ही तिथून उठलो.

आता तो टिळकवाडीकडच्या एका छोट्या क्लबात आहे. तिथले सर त्याला आठवड्यातून एकदा मोठ्या मुलांत खेळवतात आणि एकदा त्याच्याच अंगाच्या मुलांत. दोन्हीकडे तो वेगळं शिकतो, मोठ्यांत बॉल लवकर सोडायला आणि बरोबरीच्यांत बॉल घेऊन पुढे जायला. मोठ्या क्लबमध्ये निवड झाली तर अडवणार नाही, असं सरांनी क्लबच्या कागदावर सही करून दिलंय. बेंगळुरूच्या पुढच्या ट्रायलच्या फॉर्मसोबत तेच पत्र जोडणार आहोत.