ठमीची मुंबई, पहाटे साडेपाचची

ठमीला घेऊन चार दिवस मुंबईला येते आहे, असे मावसबहिणीला कळवले तेव्हा तिने फोनवर एकच प्रश्न विचारला, "अगं, ये की, पण तिला नेणार कुठे?" ठमी आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या फाटकाशी वाढलेली, नसबंदीची खूण म्हणून एका कानाचा तुकडा कापलेली, तपकिरी रंगाची गावठी कुत्री आहे. गेली सहा वर्षे ती आमच्या घरात राहते आणि तिला टेकडीची सवय आहे. मुंबईत तिला मोकळे फिरता येईल अशा जागांची यादी करायला मी बसले, तेव्हा राणीची बाग आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान ही दोन नावे ताबडतोब कटली, कारण वन्यप्राणी असलेल्या ठिकाणी पाळीव कुत्रे नेता येत नाहीत आणि ते योग्यही आहे. बहुतेक बागांच्या फाटकांवरही मनाईच्या पाट्या असतात. ती यादी अर्ध्यावरच सोडून मी डिसेंबरात निघाले.

पहिल्या दिवशी पहाटे पाचला दादरच्या हिंदू कॉलनीतून टॅक्सी शोधताना तीन चालकांनी ठमीकडे पाहून मान हलवली. चौथ्याने जुनी चादर सीटवर अंथरण्याच्या अटीवर घेतले आणि वाटेत आपल्या गावाकडच्या कुत्र्याची हकिगत सांगत आम्हाला मरीन ड्राइव्हला सोडले. साडेपाच वाजले होते, दिवे अजून जळत होते आणि नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंतचा तो सुमारे साडेतीन किलोमीटरचा कमानदार रस्ता जवळजवळ मोकळा होता. धावणारे होते, वयस्कर जोडपी होती आणि प्रत्येक शंभर पावलांवर कोणी ना कोणी कुत्रा घेऊन चालत होते. लॅब्रॉडॉर, बीगल, एक अतिशय लठ्ठ पग आणि ठमीसारखी दोन गावठी, सगळे एकमेकांना रीतसर हुंगून पुढे जात होते. समुद्राच्या बाजूला टाकलेल्या चार पायांच्या सिमेंटच्या टेट्रापॉडांमध्ये उंदरांचे मोठे राज्य असावे, कारण ठमीने पहिली वीस मिनिटे समुद्राकडे पाहिलेच नाही, ती फक्त त्या फटींकडे पाहत राहिली. मी मात्र पलीकडच्या आर्ट डेको इमारतींच्या गोलाकार गॅलऱ्या उजळताना पाहत होते. २०१८ मध्ये या इमारती मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक वास्तूंच्या जोडीने जागतिक वारशाच्या यादीत गेल्या.

त्याच दिवशी संध्याकाळी सात वाजता मी हौसेने पुन्हा तिथेच गेले आणि ती माझी चूक होती. कठड्यावर बसायला जागा नव्हती, लहान मुले ठमीला पाहून एक तर किंचाळत होती किंवा तिच्या अंगावर झेपावत होती, आणि ती माझ्या दोन पायांच्या मध्ये शेपूट घालून उभी राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आले की मी चुकीची यादी करत होते. या शहरात कुत्र्यासाठी राखलेल्या जागा मोजक्याच आहेत, पण त्याच्यासाठी मोकळे असलेले तास पुष्कळ आहेत. पुढचे तीन दिवस मी जागांऐवजी घड्याळ पाहून आखले.

रविवारी सकाळी आम्ही बॅलार्ड इस्टेटला गेलो. अलेक्झांड्रा गोदीच्या खोदाईतून निघालेल्या मातीने भराव घालून हा भाग विसाव्या शतकाच्या आरंभी तयार झाला आणि जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने त्याला एकसारख्या उंचीच्या, शिस्तबद्ध इमारतींचे रूप दिले. आठवड्याचे सहा दिवस इथे पाय ठेवायला जागा नसते, पण रविवारी कचेऱ्या बंद असल्यामुळे रुंद पदपथ, झाडांची सावली आणि शांतता असे सगळे कुत्र्याला हवे तसे मिळते. अडचण एकच, ती म्हणजे तिथले रहिवासी कुत्रे. सोमवार ते शनिवार पहारेकऱ्यांच्या आणि कारकुनांच्या बिस्किटांवर जगणाऱ्या या मंडळींना रविवारी भूकही असते आणि फुरसतही. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी हद्द बदलत होती, नवी टोळी उठून उभी राहत होती आणि मला साखळी आखूड धरून, त्यांच्या डोळ्यांत न पाहता, रस्ता ओलांडून पुढे जावे लागत होते. एका पहारेकऱ्याने शेवटी बसल्या जागेवरून "ए राजा, चल इकडे" एवढेच म्हटले आणि पाच कुत्रे निमूट मागे फिरले. या शहरात कुत्रा घेऊन फिरायचे तर पहारेकऱ्यांशी ओळख हवी, हे मी त्या दिवशी शिकले.

ही टोळी पाहताना फोर्टातल्या एका जुन्या प्रसंगाची आठवण होणे अपरिहार्य होते. कंपनी सरकारने भटके कुत्रे मारण्याचा हुकूम काढून प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले होते आणि बक्षिसाच्या लोभाने पाळलेले कुत्रेही मारले जाऊ लागले. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या सणाच्या दिवशी, कुत्रे मारणाऱ्या शिपायांवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला आणि फोर्टातल्या इंग्रजांचा रोजचा पुरवठा अडवला गेला. दंगल पारशांनी सुरू केली असली तरी हरताळात इतर समाजांचे लोकही होते. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांनी बेवारस जनावरांना आसरा देणारा पांजरापोळ उभारला. जवळच असलेल्या बॉम्बे हाउसमध्ये, म्हणजे टाटा समूहाच्या मुख्यालयात, २०१८ च्या नूतनीकरणात भटक्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र खोली केली गेली, त्यामागे रतन टाटांची आवड होतीच, पण मला तरी ती खोली १८३२ पासून चालत आलेल्या एका लांब गोष्टीतला अलीकडचा भाग वाटते.

त्याच गोष्टीचा घरगुती भाग दादरलाच होता. दुपारी साडेतीननंतर पारशी कॉलनीतल्या फाइव्ह गार्डन्सच्या भोवतालचे रस्ते इतके निवांत असतात की आपण मुंबईत आहोत हे काही मिनिटे विसरायला होते. मंचरजी जोशी यांनी आखलेल्या या वसाहतीत त्यांनी लावलेली झाडे आज रस्त्यांवर छत धरून उभी आहेत. जरथुष्ट्री धर्मात अंत्यविधीच्या वेळी मृत व्यक्तीवर कुत्र्याची नजर पडावी असा विधी आहे, त्याला सगदीद म्हणतात. तेव्हा इथल्या आजीबाईंनी ठमीला थांबवून, तिचा कापलेला कान चाचपून, "रस्त्यावरची का गं?" असे कौतुकाने विचारले याचे मला फारसे नवल वाटले नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मात्र संध्याकाळी एवढी गर्दी होती की आम्ही बाहेरच्या बाहेर एक फेरी मारून परतलो.

वांद्र्याच्या कार्टर रोडवर कुत्र्यांसाठी खरोखरच राखलेली, कुंपण घातलेली बाग आहे आणि शहरातल्या माझ्या ओळखीच्या सगळ्या श्वानप्रेमींनी तिथे जाच, असे बजावले होते. साखळी सोडता येते ही सोय निःसंशय मोठी आहे. ठमी मात्र पाच मिनिटे फिरून फाटकाशी येऊन बसली आणि समोरच्या खारफुटीकडे वास घेत राहिली. मालक लोक आपापल्या कुत्र्यांचे आहार, शाम्पू आणि पिल्लांच्या किमती यांवर बोलत होते. मला वाटते, आम्हा दोघींनाही तिथे थोडे परके वाटले. जुहूची ओहोटीची पहाट तिला त्याहून कितीतरी मानवली. ओल्या, घट्ट वाळूवर ती अशी धावली की साखळी धरून मलाही धावावे लागले. घरी आल्यावर तिचे पंजे गोड्या पाण्याने धुवावे लागतात आणि बोटांमधली वाळू काढावी लागते, एवढे मात्र लक्षात ठेवावे. दुपारी बारानंतर डांबरावर चालवू नये, डिसेंबरातही नाही. मी चौथ्या दिवशी हे विसरले आणि तिला वीस मिनिटे कडेवर घेऊन चालले. तिचे वजन अठरा किलो आहे.

परतीचा रस्ता आम्ही समुद्रावरून घेतला. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत मोटारही चढते आणि तिकीट काढून कुत्राही. हा धक्का एकोणिसाव्या शतकात बांधणाऱ्या लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ रसूल यांच्यावरून त्याला नाव मिळाले. बोटीला सुमारे एक तास लागतो. चार दिवस मी ठमीसाठी शांत तास शोधत होते, पण धक्क्यावरच्या त्या कोलाहलात, मासळीच्या टोपल्या, बर्फाचे चुरे आणि आरडाओरड यांच्या मधोमध, ती कधी नव्हे इतकी खुशीत होती. बोट सुटली तरी ती डेकच्या मागच्या टोकाला, धक्क्याकडे नाक करून उभी होती, आणि ऊन चढल्यावर मी तिला सावलीत ओढले तेव्हा तिने जागचे हलायला साफ नकार दिला.