आत्याचं घड्याळ तीन मिनिटं पुढे

नारायणगावला, आमच्या गावी जायचो तेव्हा बाबा दरवेळी सांगायचे, "ती बघ आर्वीची डिश. परदेशातले फोन तिथून येतात." १९७१ साली सुरू झालेलं ते उपग्रह केंद्र. फोन वर जाऊन खाली येतो म्हणजे नक्की काय, हे बाबांनाही सांगता यायचं नाही.

आमचं घर गावात वर, आत्याचं नदीकडे खाली. आत्याचं घड्याळ पुढे आहे असं आजीचं म्हणणं, तुमचंच मागे आहे असं आत्याचं. एका सुट्टीत मी आणि आतेभावाने निकाल लावायचं ठरवलं. मी आमच्या घड्याळात चारला निघालो, पोचलो तेव्हा आत्याकडे चार तेरा. तो त्यांच्या चारला निघाला, आमच्याकडे पोचला चार सातला. घड्याळांतला फरक जाताना रस्त्याच्या वेळेत मिळवला गेला, येताना वजा झाला. म्हणून तेरातून सात गेले सहा, त्याचे निम्मे तीन. रस्ता किती मिनिटांचा, हे आधी माहीत असायची गरजच नाही!

पुढे नोकरीत असताना वाचलं, ऑगस्ट १९६२ मध्ये टेलस्टार उपग्रहावरून नेमकं हेच केलं होतं. इकडे इंग्लंडमधलं गूनहिली केंद्र, तिकडे अमेरिकेतलं अँडोव्हर. टेलस्टार एका जागी थांबणारा नव्हता, दोन्हीकडून एकदम दिसायचा तो जेमतेम काही मिनिटं, आणि त्यातही अंतर सारखं बदलतंय. पण दोघांनी एकाच वेळी खुणा पाठवल्या की जाण्यायेण्याचा वेळ वजाबाकीत उडून जातो. दोन केंद्रांच्या घड्याळांतला फरक साधारण एक मायक्रोसेकंदापर्यंत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत कळला. आता स्थिर उपग्रहांवरून हेच काम नॅनोसेकंदांत चालतं, जागतिक वेळ ठरवताना ते वापरतात.

मेख एकच: जाणं आणि येणं सारखं हवं. आमच्याकडे जाताना उतार, येताना चढ, म्हणजे आमचा हिशोब थोडा चुकलेलाच. उपग्रहालाही चढ-उतार आहे बरं का. पृथ्वी फिरते, त्यामुळे पूर्वेकडे जाणाऱ्या संदेशासमोरून तो घेणारं केंद्र पुढे सरकत राहतं आणि संदेशाला किंचित जास्त वेळ लागतो. तेवढं गणिताने वजा करावं लागतं.

आत्याला तेव्हाच निकाल सांगितला होता. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तीन मिनिटं ना? मीच पुढे लावलीयत. एस.टी. चुकते."