परत वॉर्डात

नाताळची सुट्टी संपली. मुंबई, आदिस अबाबा, लिलाँग्वे करत काल पोहोचले आणि आज सकाळी साडेसातला मुलांच्या वॉर्डात उभी होते.

आफ्रिकेतल्या मलावीत जानेवारी म्हणजे भर पावसाळा, म्हणजेच मलेरियाचा हंगाम. एकेका खाटेवर दोन-दोन लेकरं. पहिलीच मुलगी तीन वर्षांची, 11 किलोची. झटके येऊन बेशुद्ध झालेली, तळहात पांढरेफटक. मलेरियावरचं इंजेक्शन आर्टेसुनेट, किलोमागे 3 मिलिग्रॅम लगेच, मग 12 आणि 24 तासांनी. रक्तही चढवलं. मलेरियाची लस 2019 मध्ये नेहमीच्या लसीकरणात सर्वात आधी याच देशात आली, तरी वॉर्ड अजून भरतोच.

दुपारी तिची आजी बाहेर तीन दगडांच्या चुलीवर न्सिमा ढवळत होती. इथे पेशंटचं जेवण घरचेच रांधतात. मक्याच्या पिठाचा तो वाफाळता गोळा बघून आईची उकड आठवली आणि घसा दाटून आला. निघताना आईने मेतकुटाची पुडी बॅगेत कोंबली, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ती 74 वर्षांची आहे. तिला एकटीला सोडून येणं बरोबर आहे का, हे मी प्रभूला दर वेळी विचारते. मी शिकले मिरजेत. तिथलं मिशन हॉस्पिटल 1894 साली उभं करणारे डॉ. वानलेसही घर सोडूनच आले होते.

संध्याकाळी मुलीने डोळे उघडले, पाणी मागितलं. आजी हलक्या टाळ्या वाजवत म्हणाली, "झिकोमो." म्हणजे धन्यवाद.

बाहेर येऊन आईला फोन लावला. तिकडे साडेदहा वाजून गेले होते. ती जागीच होती.